चिकटवही कॉम्प्युटरवर करतेयस ना, मग ऐक

मने, आईच्या पंच्याहत्तरीसाठी अल्बम करायचं तुझ्या डोक्यात आलं, ते मला फार आवडलं. लॅबवाल्याच्या हातात फोटोंचा गठ्ठा देऊन ‘बघा, काहीतरी छान करा’ म्हणण्यात काय मजा? तिच्या अक्षरातल्या पाककृती, बाबांची अंतर्देशीय पत्रं, दादाच्या मुंजीची पत्रिका, बेळगावच्या वाड्याचा तो फिकट फोटो हे सगळं एका पानावर मांडायचं, तर ते घरच्याच माणसाने करावं. पण काल फोनवर तू एका दमात ढीगभर सॉफ्टवेअरांची नावं घेतलीस आणि ‘ताई, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं ते सांग, तेच घेते’ म्हणालीस, तेव्हा मी मुद्दामच ‘लिहून पाठवते’ म्हटलं. फोनवर सांगितलं असतं तर अर्धं ऐकून तू पैसे भरून मोकळी झाली असतीस. ओळखते मी तुला.

आधी एक कर. कुठलं सॉफ्टवेअर काय काय करतं, याचे ते लांबलचक तक्ते मिटून ठेव. फोटो कापायचा, जरा तिरका करायचा, त्याला कड आणि सावली द्यायची, मागे नक्षीचा कागद लावायचा, वर चार ओळी लिहायच्या. चिकटवहीला लागतं ते एवढंच, आणि बरं म्हणावं असं कुठलंही सॉफ्टवेअर आज एवढं करतंच. मी निवडताना उलट्या बाजूने बघते. उद्या हे बंद पडलं, महाग झालं किंवा मलाच नकोसं झालं, तर माझ्या पानांचं काय होईल? भाड्याचं घर बघताना आपण गॅलरी बघतो, पाणी किती वेळ येतं ते विचारतो, आणि करारातलं घर सोडतानाचं कलम वाचायचं राहून जातं. ते कलम आधी वाचावं.

उगाच भीती घालते असं वाटलं ना? पिकासा आठव. गूगलने ते २००४ मध्ये विकत घेतलं, आपल्या ओळखीतल्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ते होतं, आणि २०१६ मध्ये गूगलनेच ते गुंडाळलं. फोटो कुठे गेले नाहीत, ते आपापल्या फोल्डरमध्येच राहिले. पण गंमत बघ. फोटोखाली आपण जी ओळ लिहायचो, ती पिकासा त्या जेपीजी फाइलीच्या पोटातच लिहून ठेवायचं. म्हणून ती ओळ आजही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाचता येते. चेहऱ्यांना दिलेली नावं मात्र, मुद्दाम सेटिंग बदललं नसेल तर, ते स्वतःच्या वेगळ्या छोट्या फाइलींत ठेवायचं. ‘ही सासवडची आत्या, हा तिचा धाकटा’ असं ज्यांनी रात्री जागून लावलं, त्यांची ती मेहनत त्या फाइलींत अडकून पडली. आणि त्या फाइली विंडोजमध्ये लपवलेल्या असतात, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर फोटो हलवताना त्या मागे राहिल्या तरी कळत नाही.

दुसरी गोष्ट तर थेट चिकटवहीचीच. इंग्लंडमधल्या सेरिफ कंपनीचं ‘डिजिटल स्क्रॅपबुक आर्टिस्ट’ नावाचं खास याच कामाचं सॉफ्टवेअर होतं. पुढे त्याचं ‘क्राफ्टआर्टिस्ट’ झालं. मग कंपनीने जुनी सगळी मालिका आवरती घेतली आणि ॲफिनिटी ही नवी मालिका काढली. २०२४ मध्ये कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ॲफिनिटी फुकट करून टाकली. फुकट मिळतंय ते चांगलंच आहे. पण त्या पहिल्या सॉफ्टवेअरात ज्यांनी पानं केली, त्यांच्या फाइली ॲफिनिटी उघडत नाही. त्यांना ते जुनं सॉफ्टवेअर जपत बसावं लागतं. म्हणून फक्त चिकटवहीसाठी म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअरं मी तुला सुचवणार नाही. ती वापरायला सोपी असतात, आयते कागद आणि रिबिनी भरपूर मिळतात, पण बहुतेकांची फाइल त्यांची त्यांनाच कळते.

आता, काहीही उघडायच्या आधी लॅबला फोन कर. अल्बम छापायचा आहे ना? मग पानाची साइज तू नाही ठरवायची, लॅब ठरवणार. अमेरिकेत बारा बाय बारा इंचांची चिकटवही रूढ आहे, त्यामुळे इंग्रजीतले बहुतेक आयते नमुने त्याच मापाचे मिळतात. आपल्याकडे लग्नाचे अल्बम करणाऱ्या लॅबमध्ये करिझ्मा अल्बम चालतो, आणि त्यात १२ बाय ३६ हे माप नेहमीचं आहे. अल्बम उघडला की एकसंध छत्तीस इंच रुंद पान समोर येतं. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरले तर बारा बाय बारा म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल, आणि १२ बाय ३६ म्हणजे ३६०० बाय १०८००. पहिल्यात पूर्ण पानाचा एक लेयर, म्हणजे एकावर एक रचायच्या थरांतला एक थर, मेमरीत साधारण ५० एमबी जागा खातो, दुसऱ्यात दीडशेच्या वर. तुझा लॅपटॉप चार जीबीचा. दहा लेयर चढवलेस की तो पंखा फिरवत बसेल आणि तू मला फोन करशील. तेव्हा मोठं पान असलं तर १२ बाय १८ चे दोन भाग वेगवेगळे कर आणि शेवटी जोड. मध्ये जिथे पान दुमडतं तिथे कुणाचा चेहरा येऊ देऊ नकोस, बारीक रेघ अगदी नाकावरून जाते. कडेला किती जागा कापली जाते तेही विचार. बहुतेक ठिकाणी तीन मिलिमीटर सांगतील. रंगांचं म्हणशील तर लॅब ‘जेपीजी, एसआरजीबी’ म्हणाली की तेच द्यायचं, सीएमवायकेच्या भानगडीत तू पडू नकोस.

नातेवाइकांकडून फोटो मागवतेयसच, तर एवढं सांगून ठेव की व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होऊन येतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची. छापताना तो सव्वापाच इंचांच्या वर नेलास की धुरकट दिसायला लागतो. तोच फोटो मोबाइलमधून मूळ रूपात आला, तर पान भरून लावता येतो.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. अल्बम मराठीत होणार आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या कुठल्याही सल्ल्यात ही गोष्ट तुला सापडणार नाही. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरवायच्या आधी त्यात ही ओळ टाइप कर:

‘दुसऱ्या ऑगस्टला आत्याच्या वाड्यात तुळशीवृंदावनाजवळ कॅमेऱ्यात टिपलेली किती ज्ञात-अज्ञात माणसं’

हसू नकोस. ओळ वेडीवाकडी आहे, पण हिच्यात सगळी अडचणीची अक्षरं आहेत. ‘दुसऱ्या’मधला तो मिशीसारखा र नीट आला का बघ. ‘ऑगस्ट’ आणि ‘कॅमेऱ्या’वरचा अर्धचंद्र जागेवर बसला का, ‘वृ’ फुटला का, ‘ज्ञ’ एकसंध आहे का, हे बघ. आणि ‘किती’ची पहिली वेलांटी क च्या आधीच आहे ना? ज्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही, त्यात ती वेलांटी क च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. फोटोशॉपसारख्या एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरातही जुन्या आवृत्त्यांत हे व्हायचं. सेटिंगमध्ये टाइपच्या खाली जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागायचा, आणि मग परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ लावावा लागायचा. ॲफिनिटीच्या आधीच्या आवृत्त्याही देवनागरीत गटांगळ्या खायच्या, म्हणून फुकट असली तरी ही ओळ टाकून बघितल्याशिवाय तिच्यात एक पानही करू नकोस. गिंप आणि इंकस्केप या दोन फुकट सॉफ्टवेअरांत मराठी व्यवस्थित येतं. कॅनव्हातही येतं.

फॉन्ट युनिकोडच हवा. तुझ्या सोसायटीतले ते डीटीपीवाले काका श्रीलिपीत झकास टाइप करून देतील, त्यांचा हात चांगला आहे. पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडला की समोर कचरा येतो. दादा तिकडे न्यू जर्सीत पानावरची ओळ कॉपी करून मुलांना पाठवेल, तर मुलांना काय दिसेल, विचार कर. युनिकोडमध्ये सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त, बलू आणि मोदक गूगल फॉन्ट्सवर आहेत. मोदक इतका गुबगुबीत आहे की एखाद्या शीर्षकापुरताच वापर, ओळीच्या ओळी त्यात लिहिल्यास तर आईला चष्मा बदलावा लागेल. ‘यात्रा वन’ रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, बेळगावच्या प्रवासाच्या पानाला शोभेल. आणि मजकुरासाठी ‘टिरो देवनागरी मराठी’ बघ. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. आईने आयुष्यभर शाळेत फळ्यावर जो ल काढला, तो तिच्या अल्बमात बदललेला बरा दिसणार नाही.

बरं, आता तुझ्या यादीतली नावं.

कॅनव्हा तुला आवडलंय हे मला माहीत आहे, आणि त्याचं मूळही या कामाच्या जवळचंच आहे. मेलनी पर्किन्स या ऑस्ट्रेलियन बाईने २००७ मध्ये पर्थला आधी शाळांची वार्षिक पुस्तकं ऑनलाइन मांडायचं फ्यूजन बुक्स काढलं, आणि त्यातून २०१३ मध्ये कॅनव्हा आलं. पटकन आठ-दहा पानांचं काही करून ग्रुपवर टाकायचं असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही. पण छापायचं तर एक खाचखळगा लक्षात ठेव. नवीन डिझाइन उघडताना तू ‘१२ इंच बाय १२ इंच’ लिहिलंस तर कॅनव्हा एका इंचाला ९६ पिक्सेल धरतं. त्यातून पीएनजी उतरवलीस की हातात पडते ११५२ पिक्सेलची, म्हणजे छापायला निम्म्याहूनही कमी. म्हणून माप इंचात न देता थेट पिक्सेलमध्ये ३६०० बाय ३६०० असं दे, तेही सुरुवातीलाच, कारण नंतर साइज बदलायची सोय पैसेवाल्या योजनेत आहे. आणि माझं ते घर सोडतानाचं कलम लावलं तर काय निघतं? बाहेर पडताना पीडीएफ आणि चित्रं मिळतात, पण लेयर सुटे असलेली फोटोशॉपची फाइल मिळत नाही. पुढे आत्याचं नाव चुकीचं छापलंय असं कळलं तर ते दुरुस्त करायला परत कॅनव्हाच्याच दारात जायचं.

पॉवरपॉइंटला नाक मुरडू नकोस. तुला ते येतं, आणि येणारं सॉफ्टवेअर अर्धी लढाई जिंकून देतं. स्लाइडची साइज बदलून १२ बाय १२ करता येते. फक्त ते सेव्ह करताना फोटो आपणहून २२० पीपीआयपर्यंत खाली आणतं, म्हणून ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डखाली जाऊन फोटो कॉम्प्रेस न करण्याच्या चौकोनावर आधीच टिचकी मार. फोटोशॉप सगळ्यात तगडं, तुझी लॅबही तेच वापरत असणार. पण २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या भाडेतत्त्वावरच मिळतात. दर महिन्याला पैसे, आणि एका अल्बमसाठी ते मला पटत नाही. त्याचं धाकटं भावंड फोटोशॉप एलिमेंट्स पूर्वी एकदा घेतलं की कायमचं असायचं. २०२५ च्या आवृत्तीपासून तेही तीन वर्षांच्या परवान्यावर आहे. जुना सल्ला वाचून ‘एकदाच पैसे भरा’ या भरवशावर घेऊ नकोस म्हणजे झालं.

फोटोपी तुला माहीत नसेल. ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती दिसतात पण फुकट आहे, दिसायला फोटोशॉपसारखं, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं आणि सेव्हही करतं. तुझे फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाहीत, काम तुझ्याच कॉम्प्युटरवर होतं. बाजारात मिळणारे आयते पीएसडी नमुने, ज्यात फोटोच्या जागा आधीच आखलेल्या असतात, ते यात उत्तम चालतात. मात्र मध्येमध्ये सेव्ह करून फाइल उतरवून ठेवायची सवय लाव. टॅब बंद झाला की पान गेलं.

आणि गिंप. ‘अवघड आहे’ म्हणून सगळ्यांनी तुला घाबरवलंय, आणि सुरुवातीचे दोन-तीन दिवस ते चिडचिड करायला लावतं हे खरंच. १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम आजही स्वयंसेवकांच्या जोरावर चालू आहे, त्याला मालक नाही, त्यामुळे त्याला विकत घेऊन बंद करणारंही कुणी नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि फोटोला दिलेली सावली नंतरही कमीजास्त करता येते, ही सोय त्यात आली. पूर्वी सावली एकदा पडली की पडली. तुझ्यासाठी माझं मत गिंपलाच. आयता नमुना वापरायचा असेल तेव्हा फोटोपी, बाकी गिंप. फोटोपीत ती वेडीवाकडी ओळ मोडून आलीच, तर मजकूर इंकस्केपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी करून आण.

आईच्या अक्षरासाठी तर तुला लेयरवालं सॉफ्टवेअरच हवं. का ते सांगते. तिच्या त्या वहीचं पान स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेव, म्हणजे पाठच्या बाजूची शाई इकडे उमटत नाही. जेवढं आहे तेवढंच छापायचं असेल तर ३०० डीपीआयला, मोठं करायचं असेल तर ६००ला स्कॅन कर. आता गिंपमध्ये ते पान नक्षीच्या कागदावरच्या लेयरवर ठेव. एक पांढरा-पिवळा चौकोन दिसेल, चिकटवलेल्या झेरॉक्ससारखा. मग ‘लेव्हल्स’ उघड आणि उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू आत ओढ, कागद पांढरा पडेपर्यंत. मधला त्रिकोण किंचित उजवीकडे, म्हणजे फिकी पडलेली निळी शाई परत गडद होते. आणि मग त्या लेयरचा मोड ‘नॉर्मल’वरून ‘मल्टिप्लाय’ कर. पांढरं सगळं नाहीसं होतं आणि नुसतं अक्षर खालच्या कागदावर उतरतं, तिने तिथेच बसून लिहिल्यासारखं. तिचा तो लांबलचक उकार, ‘साखर’ खोडून वर लिहिलेला ‘गूळ’, सगळं. पांढरा त्रिकोण फार आत ओढू नकोस, नाहीतर तुपाचा डाग पुसला जाईल. तो राहू दे. पॉवरपॉइंटमध्ये एक रंग पारदर्शक करायची सोय आहे, पण त्यात अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. हे एक काम चांगलं व्हावं म्हणून गिंपचे ते दोन-तीन दिवस सोसायला हरकत नाही.

सेव्ह करण्याबाबत मी कडक आहे, तुला माहीतच आहे. प्रत्येक पानाची तीन रूपं ठेव. गिंपची मूळ फाइल, लेयरसकट. लॅबसाठी जेपीजी. आणि सगळी पानं मिळून एक पीडीएफ, ती दादाला. जेपीजी उघडून, बदलून, परत जेपीजी म्हणून सेव्ह करत बसू नकोस, दर वेळी चित्र थोडं झिजतं. बदल नेहमी मूळ फाइलीत. गिंपमधून पीएसडी काढलीस तर त्यातला मजकूर चित्र होऊन जातो, दुरुस्त करता येत नाही, म्हणून पानांवरच्या सगळ्या ओळी एका साध्या नोटपॅड फाइलीत वेगळ्याही लिहून ठेव. वापरलेले फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये टाक. आणि फोटोत कोण कोण आहे ते अल्बमच्या पानावर नसलं तरी त्या नोटपॅडात लिही, आत्ताच, आई सांगू शकतेय तोवर. हे सगळं एका पेनड्राइव्हवर आणि एका क्लाउडवर. गूगल फोटोजमध्ये १ जून २०२१ पासून सगळं पंधरा जीबीतच मोजतात, तेव्हा तिथे ‘असेलच’ म्हणून विसंबू नकोस, जागा बघून घे.

नक्षीचे कागद, रिबिनी, फुलं यांचे संच विकत घेतलेस तर परवाना तेवढा वाच. घरच्या वापरासाठी असलेल्या संचातून तू उद्या शेजारच्या काकूंना पैसे घेऊन अल्बम करून देऊ शकत नाहीस. आणि करशीलच तू, मला माहीत आहे.

लॅबला सगळा अल्बम एकदम देऊ नकोस. एक पान छापून माग, वेगळे पैसे पडले तरी. स्क्रीनला मागून उजेड असतो, त्यामुळे तिथे छान दिसणारा फोटो कागदावर काळवंडतो, विशेषतः ते देवघरातले जुने फोटो. नमुन्याचं पान आलं की उन्हात नेऊन बघ, ट्यूबलाइटखाली नको. काळपट वाटलं तर सगळ्या पानांची ‘लेव्हल्स’ थोडी वर घे आणि मग बाकीचं दे. उद्या सकाळी लॅबला फोन करून साइज विचार, गिंप उतरव, ती ओळ टाइप कर आणि स्क्रीनचा फोटो मला पाठव. ‘दुसऱ्या’तली मिशी मला दिसली पाहिजे.